टाक गळ्यात कोण घालणार?

आमच्या नाटकाचा प्रयोग एकदाच झाला, पण त्याचे किस्से अजून संपलेले नाहीत. भाजीच्या ठेल्यावर नाहीतर बसस्टॉपवर कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, "अगं, तालमीत तुमच्या बंडूभाऊंनी काय केलं म्हणे?" मग मला माहीत असलेला किस्सा मी सांगत नाही, आणि समोरचा मला माहीत नसलेला एक सांगून जातो. असे बरेच साठले आहेत. मी तालमीला रोज हजर होते आणि फारसं बोलत नव्हते, त्यामुळे बाकीच्यांपेक्षा माझ्याकडे थोडे जास्त आहेत.

नाटक लिहिलं आणि बसवलं मालतीबाईंनी. त्या आम्हाला दहावीला मराठी शिकवतात. आमच्या भागातल्या सांस्कृतिक मंडळाचं दरवर्षी एक विनोदी नाटक होतं. त्यात कोणीतरी पलंगाखाली लपतं, कोणीतरी कपाटात लपतं आणि शेवटी सगळे एकदम बाहेर येतात. यंदा बाई म्हणाल्या, "मी भुताचं बसवणार."

गोष्ट अशी. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायची रीत आहे. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर उठवलेलं बाईचं चित्र. तो गळ्यात असला की पहिली त्रास देत नाही म्हणतात. पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावाने एक सवाष्णही जेवू घालतात. बाईंच्या नाटकात हा टाक दुसरीशी बोलायला लागतो. दुसरीला तो काहीच त्रास देत नाही. नवऱ्याला देतो.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे देशकर वकील. त्यांनी गोष्ट ऐकून चष्मा पुसला.

"बाई, हे भुताचं नाटक आहे की स्त्रीमुक्तीचं?"

"दोन्ही."

"एकाच तिकिटात?"

"आपलं तिकीट नसतंच, वकीलसाहेब."

मला बाईंनी प्रॉम्प्टर केलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला मोठ्यानं बोलताच येत नाही. या कामाला अशीच मुलगी लागते."

* * *

पहिली अडचण टाकाचीच आली. बाईंनी दूध पावडरच्या डब्याचं झाकण कापून एक खोटा टाक करून आणला होता. दुसऱ्या बायकोचं काम सुनंदाताई करणार होत्या. त्यांनी तो गळ्यात घातला, आरशात बघितला, छान दिसतो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऐवजी त्यांच्या सासूबाई आल्या.

"घरात कोनी पहिली मेली नसताना हिले टाक घालून राहिल्या? माझ्या पोराची ही पहिलीच हाय. हिलेच काही झालं मंजे?"

"अहो, ते डब्याचं झाकण आहे."

"झाकण असो का काही असो!"

मग कॉलेजात जाणारी एक मुलगी मिळाली. आवाज चांगला, पाठांतर चांगलं. तिची आई आली.

"पोरीचं अजून पहिलं लग्न व्हायचं हाय, बाई. अन् तुमी तिले सरळ बिजवरालेच देऊन राहिल्या!"

तिसऱ्या एक वहिनी कबूल झाल्या, पण टाक गळ्यात घालणार नाही, हातात धरीन म्हणाल्या. एक दिवस त्यांनी तो हातात धरून तालीम केली. नवऱ्याशी भांडताना त्या बसचा पास दाखवत असल्यासारख्या दिसत होत्या. बाईंनी त्यांचे आभार मानले.

त्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यात अनुसयाकाकू पडदे शिवत बसल्या होत्या. त्या आमच्या शाळेत शिवण शिकवतात आणि कोराडीच्या कॉलनीतून बसने येतात. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मी करते काम. माझ्याकडं टाक हायच."

असं म्हणून त्यांनी पोलक्यातून काळा गोफ बाहेर ओढला. त्याला खरा टाक होता. झिजलेला. त्यावरच्या बाईचं नाक जवळजवळ गेलं होतं.

बाईंनी पुढे येऊन तो नीट बघितला. मग म्हणाल्या, "काकू, बघा हं. लोक काहीबाही बोलतात."

"मले आता आनखी काय होनार हाय, बाई?" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

* * *

तालमी धंतोलीतल्या एका हॉलमध्ये व्हायच्या. आजूबाजूला सगळे दवाखाने. पहिल्या अंकात टाक पहिल्यांदा बोलतो तेव्हा दुसरी बायको किंचाळते, असं होतं. काकूंना किंचाळणं जमत नव्हतं. त्या "अगं बाई" असं हळूच म्हणायच्या.

बाई म्हणाल्या, "काकू, पोटातून येऊ द्या. लाजू नका."

एका संध्याकाळी किंकाळी पोटातून आली. माझ्या हातातली नाटकाची प्रत खाली पडली. पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली आणि शेजारच्या प्रसूतिगृहातली नर्स आत आली. तिच्या मागे यवतमाळकडचे एक आजोबा हातात थर्मास घेऊन.

"पेशंट कुठे आहे?" नर्सने विचारलं.

"पोरगा झाला का पोरगी?" आजोबांनी विचारलं.

सगळे खूप हसले. काकू पदरात तोंड लपवून हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून प्रत घेतली आणि किंकाळीवर काट मारली.

बंडूभाऊ हळहळले. ते नवऱ्याचं काम करत होते आणि पोस्टात नोकरीला आहेत. "काहून बाई? इतकी जबरदस्त किंकाळी होती!"

"किंकाळी ऐकून नर्स धावत येते," बाई म्हणाल्या. "आपल्या नाटकात तिच्यासाठी कोणी येत नाही."

* * *

लाइटचं काम शेंडेकाकांकडे होतं. त्यांनी गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकांना लाइट दिलेले आहेत आणि त्यांचे नियम पक्के आहेत. देव आला की निळा, स्वप्न पडलं की गुलाबी, भूत आलं की हिरवा.

बाई म्हणाल्या, "आपलं भूत दिसतच नाही, शेंडे. नुसता आवाज आहे. त्याला लाइट नको."

शेंडेकाका दुखावले. "मंग हिरवा कागद मी आनला कायले?"

बाईंनी बराच विचार केला. "बरं. टाका हिरवा. पण नवऱ्यावर."

"नवऱ्यावर?"

"तो बाहेरून घरात आला की टाका."

"बाई, पन तो तर जिता माणूस हाय!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

शेंडेकाका पुटपुटत शिडीवर चढले. पण पुढच्या तालमीला बंडूभाऊ दार लोटून आत आले, पायातली चप्पल काढली, टोपी खुंटीला लावली आणि "जेवण झालं का?" एवढंच म्हणाले, तर अंगावर काटा आला. शेंडेकाका शिडीवरूनच ओरडले, "च्यामायला, बरोबर हाय!"

मग बाईंकडे बघून त्यांनी जीभ चावली.

* * *

बंडूभाऊंचं पाठांतर हा एक वेगळाच विषय. पोस्टात त्यांना गल्ल्या आणि घरनंबर तोंडपाठ आहेत. नाटकाचं मात्र एक वाक्य लक्षात राहत नसे. ते स्टेजवर एक वाक्य बोलायचे आणि मग विंगेकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायचे. मी कुजबुजायचे, मग ते बोलायचे. भुताचा आवाज करणारी मुलगी दुसऱ्या विंगेत असायची. पण तिला कांजण्या झाल्या, म्हणून बाईंनी काही दिवस तो आवाजही मलाच करायला सांगितला.

त्याच आठवड्यात देशकर वकील तालीम बघायला आले आणि अगदी पुढे खुर्ची टाकून बसले. बंडूभाऊ त्या दिवशी काहीच्या काही विसरत होते. मी आधी कुजबुजले, "मी काही तिला मारलं नाही."

बंडूभाऊ म्हणाले, "मी काही तिला मारलं नाही."

मी कुजबुजले, "तिला आधीपासूनच दमा होता."

बंडूभाऊ म्हणाले, "तिला आधीपासूनच दमा होता."

अंक संपला. आता बंडूभाऊंना बोलणी बसणार असं आम्हाला वाटलं. पण वकील खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बाई, बाकीचं राहू द्या, पण हे जे तुम्ही केलंय ना, नवऱ्याला प्रत्येक वाक्य ती मेलेली बाई आधी सांगते आणि मग तो बोलतो, हे फार भारी आहे! मला तर घाम फुटला."

बंडूभाऊ तोंड उघडायला लागले. बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"आवडलं ना?" त्या म्हणाल्या. "ते तसंच ठेवणार आहोत."

तेव्हापासून भुताचं काम कायमचं माझ्याकडे आलं. त्या मुलीच्या कांजण्या बऱ्या झाल्या, पण बाईंनी तिला सनई वाजवणाऱ्या टेपजवळ बसवलं. बंडूभाऊंनी त्या दिवसापासून पाठ करायचा प्रयत्नच सोडला. म्हणायचे, "मी भूमिकेत शिरलो."

* * *

एकदा बंडूभाऊंच्या पत्नी शाळेत आल्या, मधल्या सुट्टीत, बाईंना शोधत. मी तेव्हा फळा पुसत होते.

"बाई, तुमचं नाटक कधी संपते?"

"का हो? काही त्रास आहे का?"

"यांना काहीतरी झालं. चार दिवसांपासून जेवायला बसले की मले म्हनतात, तू बी बस, सोबत जेव. मी म्हनलं, मी मागून जेवते. तर म्हनतात, नाही, तू आधी घे. अन् माझ्या ताटाकडं पाहत राहतात."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसलं!" त्या रडकुंडीला आल्या. "डॉक्टरले दाखवू काय?"

* * *

नाटकाच्या शेवटावरून मोठा वाद झाला. शेवट असा होता: नवमीचा दिवस. पाट मांडलेला, ताट वाढलेलं. दुसरी बायको गळ्यातला टाक काढते, पाटावर ठेवते आणि नवऱ्याला विचारते, "हिचं नाव काय होतं?" नवऱ्याला सांगता येत नाही. सगळे 'पहिली' म्हणतात, 'ती' म्हणतात. नाव कोणी घेतच नाही. तो खाली मान घालतो. अंधार. पडदा.

"हा काही शेवट झाला?" वकील म्हणाले. "लोक उठणार नाहीत. त्यांना वाटेल अजून आहे. त्यापेक्षा एक मांत्रिक आणा. तो तिला घालवतो, दोघं सुखी होतात, आरती."

"तिला घालवून कुठे पाठवू?" बाई म्हणाल्या. "घर तिचंच आहे."

"निदान नवऱ्याला नाव तरी सांगू द्या. त्याला आठवतं, तो रडतो. लोकांनाही बरं वाटेल."

"लोकांना बरं वाटावं म्हणून बसवलेलं नाही हे."

वकील म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो. कमिटीत मांत्रिकाच्या बाजूने बरेच जण होते. शेवटी अडलं ते मांत्रिकाच्या कामासाठी माणूस न मिळाल्यामुळे. जे कबूल झाले त्यांना बाईंनी सांगितलं की त्यांच्यावरही हिरवा लाइट पडेल.

मी तालमीत एकदाच एक प्रश्न विचारला, तो याच वेळी. "बाई, मी भूत आहे, तर मीच का सांगत नाही माझं नाव?"

बाई म्हणाल्या, "तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. 

* * *

अनुसयाकाकू सगळं चोख करायच्या. एकच वाक्य त्यांच्याकडून नीट येत नव्हतं, ते शेवटचं. "हिचं नाव काय होतं?" हे त्या इतकं हळू म्हणायच्या की मलाच ऐकू येत नसे. बाई म्हणायच्या, "काकू, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे." काकू मान डोलवायच्या आणि पुन्हा तसंच म्हणायच्या.

एकदा आम्ही दोघी पडद्यांच्या घड्या घालत होतो. मी विचारलं, "काकू, ते मोठ्यानं का नाही म्हणत?"

"त्या दिवशी म्हनीन."

"आज का नाही?"

"आज ते बाहेर बसून राहिले."

'ते' म्हणजे काका. ते कोराडीच्या वीज केंद्रात आहेत. पाळी संपली की ते काकूंना न्यायला यायचे आणि हॉलच्या पायऱ्यांवर बसायचे. चपला कायम राखेने पांढऱ्या. आत कधी यायचे नाहीत. बाईंनी बोलावलं की म्हणायचे, "मले नाटकातलं समजत नाही, बाई. हिची बस चुकू नये म्हनून बसलो."

काकूंनी घडीवरून हात फिरवला. "लग्न झालं तवापासून मी हिले गळ्यात घालून राहिली. दर नवमीले हिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते. अन् नावच माहीत नाही मले. सासू 'पहिली' म्हने. सासू बी गेली. आता सांगनारं एकच मानूस उरलं."

"त्यांना विचारलं नाही कधी?"

"विचारलं नं. दोनदा. ते उठून बाहेर जातात." मग त्या जरा हसल्या. "नाटकात बसलेलं मानूस मधातून उठून कसं जाईन वं? चारचौघं पाहत राहतात."

म्हणजे काकूंना नाटकातून एवढंच हवं होतं. काकांनी प्रयोगाला आत येऊन बसावं. घरी त्या रोज सांगत होत्या आणि काका रोज म्हणत होते, "त्या दिवशी पाळी हाय."

बाईंना हे ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची राखून ठेवली होती आणि तिच्यावर स्वतःची पर्स ठेवली होती. देशकर वकिलांनी पर्स उचलून तिथे बसायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथे भूत बसणार आहे." वकील पटकन पहिल्या रांगेत गेले.

* * *

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. सुनंदाताईंच्या सासूबाईही आल्या होत्या. सुपारी कातरत बसल्या होत्या आणि सोबत लिंबू आणलं होतं. तिसरी घंटा झाली तेव्हा खुर्चीवर पर्सच होती. काकूंनी पडद्याच्या फटीतून ती बघितली.

पहिला अंक चांगला गेला. नवऱ्यावर हिरवा लाइट पडल्यावर बायकांमधून "अगं आई!" असं आलं. दुसऱ्या अंकात मी कुजबुजत होते, बंडूभाऊ माझ्यामागून बोलत होते, आणि हॉल इतका गप्प होता की मला माझाच आवाज पहिल्यांदा मोठा वाटला.

शेवटचा प्रवेश सुरू झाला तेव्हा मागचं दार उघडलं. काका आत आले आणि दाराशीच उभे राहिले. पाळीवरून तसेच आले होते. खुर्चीपर्यंत गेले नाहीत.

काकूंनी पाट मांडला. बाईंनी त्या दिवशी ताटात खरं जेवण ठेवलं होतं. वरण-भात, पुरण, कढी, वडे. वास हॉलभर गेला. काकूंनी गळ्यातून टाक काढला, पाटावर ठेवला आणि सरळ उभ्या राहिल्या. मग शेवटच्या रांगेच्याही मागे ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"हिचं नाव काय होतं?"

बंडूभाऊंनी खाली मान घातली.  शेंडेकाकांनी लाइट हळूहळू उतरवायला घेतला.

"अनुसया," दारातून आवाज आला.

लोकांनी माना वळवल्या. काहींना वाटलं, काका बायकोला हाक मारताहेत. एकदोघं हसलेही. कोणीतरी म्हणालं, "शू! नाटक चालू आहे!"

काका खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे येत होते. स्टेजच्या जवळ येऊन थांबले.

"तिचं बी नाव अनुसयाच होतं," ते म्हणाले. "लग्नात म्याच ठेवलं होतं. दोघींचं बी."

कोणी हसलं नाही. शेंडेकाकांचा हात होता तिथेच राहिला, त्यामुळे अंधार अर्धाच झाला. बंडूभाऊंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग काकूंनीही बघितलं. मी प्रतीचं पान उलटलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

 काकूंनी पाटावरचा टाक उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि स्वतः त्या पाटावर बसल्या. भात कालवला. पहिला घास टाकासमोर ठेवला. दुसरा स्वतः खाल्ला. तिसरा खाल्ला. पडदा ओढणारा दोरी हातात धरून उभा होता.

ताटातला भात संपल्यावर काकूंनी बंडूभाऊंकडे बघितलं नाही. समोर, काका उभे होते तिकडे बघून त्या म्हणाल्या,

"भात वाढा."